नळी सापडली, पण आत राहत कोण होतं?

प्रश्न असा आला आहे. पाटण तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या मॅडमनी विहिरीच्या खुदाईतून निघालेल्या काळ्या दगडाचे फोटो पाठवलेत. दगडात बोटभर लांबीच्या, पांढऱ्या, उभ्या नळ्या आहेत. काही करंगळीएवढ्या जाड, काही काडीएवढ्या. जगातल्या सगळ्यात जुन्या कवचधारी प्राण्यांत नळीत राहणारे समुद्री किडे होते, असं वर्गात कुणीतरी वाचून आलं होतं. पोरांनी लगेच ठरवून टाकलं की हे तेच. मॅडमचे प्रश्न दोन. या खरंच किड्यांच्या नळ्या आहेत का? आणि नसतील तर दुसरा: किड्याला ना हाड ना शिंपला, तो मेला की कुजून जातो, मग पन्नास-पंचावन्न कोटी वर्षांपूर्वी तो नळीत राहत होता हे शास्त्रज्ञ कशाच्या जोरावर सांगतात?

पहिल्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी उरकतो. मॅडम, या किड्यांच्या नळ्या नाहीत. या वायूच्या वाटा आहेत.

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर आलेल्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. लाव्हा पसरतो तेव्हा त्याचं बूड थंड जमिनीला टेकून आधी आळतं. तिथून सुटलेले वायूचे बुडबुडे वर सरकतात आणि मागे उभी, बारीक पोकळी राहते. पुढे दगड गार झाल्यावर खनिजं विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांतून झिरपतं आणि त्या भरून काढतं. कधी झिओलाइट भरतं, कधी कॅल्साइट, कधी गारगोटी. अशा नळ्या लाव्ह्याच्या थराच्या बुडाशी रांगेनं सापडतात. विहीर खोदणाऱ्यांना विचारून बघा, त्या बहुतेक एकाच पातळीला लागल्या असतील.

तुमच्या तिसऱ्या फोटोत एक नळी आडवी फुटली आहे, तो मोठा करून पाहा. कडेला हिरवट रंगाची पातळ साल आहे. तिच्या आत पांढरे स्फटिक आहेत आणि त्या सगळ्यांची टोकं मध्याकडे आहेत. अगदी मध्ये टाचणी जाईल एवढं भोक उरलंय. म्हणजे भरणं कडेपासून सुरू झालं आणि मध्यापर्यंत पोचायच्या आत थांबलं. भिंत म्हणावी अशी वेगळी वस्तूच नाही. हिरवी साल संपली की थेट बेसाल्ट. त्याच फोटोत डावीकडे दोन नळ्या वर जाता जाता एकमेकींत मिसळून एक झाल्या आहेत. वर चढणारे बुडबुडे असंच करतात. घर बांधणारा किडा शेजाऱ्याच्या घरात आपलं घर विरघळवून टाकत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बघायला हरकत नाही. फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर झिओलाइट किंवा गारगोटी. पण फसफसलं म्हणजे जीवाश्म, असं मात्र समजू नका. खूप लोक तिथेच फसतात.

आता कुणी म्हणेल, बेसाल्टमध्ये नाही तर नाही, त्याच्याखाली जुन्या समुद्राचा गाळ असेल. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी जे खोल विंधन झालं, ते तीन किलोमीटर खाली गेलं. साधारण सव्वा किलोमीटरला बेसाल्ट संपला आणि खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पायाचा खडक लागला. मध्ये सागरी गाळाचा थर नाही. तेव्हा पाटणच्या पोरांना कँब्रियन काळातला, म्हणजे पन्नासेक कोटी वर्षांपूर्वीचा, किडा पायाखाली सापडायचा नाही, कितीही खोल विहीर घेतली तरी. कास-महाबळेश्वरच्या जांभ्यातली वाकडीतिकडी भोकंही किड्यांची नव्हेत. खडक कुजताना त्यातला भाग धुपून गेला त्याची ती जागा. आणि सांगलीकडून कृष्णा-वारणेच्या काठच्या दरडीतल्या चुनखडीच्या पोकळ नळ्यांचे फोटो मला अधूनमधून येतात. त्या झाडांच्या मुळांभोवती जमलेल्या चुन्याच्या आहेत; मूळ कुजलं, चुना राहिला.

आता दुसरा प्रश्न. खरा प्रश्न हाच आहे आणि पोरांच्या डोक्यात तो आला याचं मला कौतुक वाटतं, कारण या विषयातली निम्मी भांडणं यावरूनच झाली आहेत.

किडा दोन तऱ्हांनी घर करतो. एक, गाळात बीळ. त्याला भिंत असलीच तर चिकट स्रावानं लिंपलेली. दुसरी तऱ्हा म्हणजे बांधलेली नळी. ती अंगातून स्रवलेल्या कायटिनसारख्या पदार्थाची असते, किंवा चुन्याची, किंवा वाळूचे कण अन् शिंपल्यांचे तुकडे चिकटवून केलेली. हे सगळे प्रकार आजही चालू आहेत. तुम्ही कुंभार्ली घाट उतरून गुहागरच्या बाजूला मुलांना नेलंत तर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूतून वर आलेली, शिंपल्यांचे तुकडे डकवलेली चामड्यासारखी टोकं शोधायला सांगा. तो डायोपॅट्रा, गांडुळाच्याच वलयांकित संघातला. कालवांच्या शिंपल्यांवर आणि होड्यांच्या बुडाला चिकटलेल्या पांढऱ्या, वेड्यावाकड्या, कडक नळ्या सर्पुलिड किड्यांच्या. यातला किडा मान बाहेर काढून पाण्यातले कण गाळून खातो, आणि सावली पडली की झटकन आत. नळीला तो वाढवतो ती फक्त तोंडाशी. गळ्याजवळच्या ग्रंथींतून चुना सोडायचा आणि काठावर लावायचा. म्हणून नळीवर वाढीच्या कडा उमटतात. ही वाढीची पद्धत नीट लक्षात ठेवा, कारण जीवाश्मात किडा नसला तरी ती उरते.

सगळ्यात जुन्या, चुन्याच्या कवचाच्या नळ्यांपैकी प्रसिद्ध आहे ती क्लाउडिना. नामिबियातल्या खडकांतून 1972 मध्ये तिचं वर्णन झालं आणि प्रेस्टन क्लाउड या भूशास्त्रज्ञाच्या नावावरून नाव पडलं. काळ एडियाकरनचा, म्हणजे कँब्रियनच्या लगेच आधीच्या कालखंडाचा, अगदी शेवट, सुमारे 55 ते 53.9 कोटी वर्षांपूर्वीचा. नंतर ती चीन, ओमान, स्पेन, ब्राझील, अमेरिका अशी सगळीकडे सापडत गेली. व्यास सहसा काही मिलिमीटर. उभा छेद घेतला की तिची रचना दिसते. चहाच्या टपरीवर कागदी कप एकात एक घालून ठेवलेले असतात, त्या कपांचे तळ काढून टाका, ती क्लाउडिना. प्रत्येक नवं नरसाळं आधीच्यात बसलेलं, थोडं तिरपं, थोडं एका बाजूला सरकलेलं. काही नळ्या न तुटता वाकलेल्या सापडतात, त्यावरून भिंतीत नुसता चुना नव्हता, लवचीक सेंद्रिय पदार्थही होता असं मानतात.

अशी रचना वायूच्या बुडबुड्यातून होत नाही, आणि मुळाभोवतीच्या चुन्यातूनही नाही. कुणीतरी आत बसून, वर सरकत, टप्प्याटप्प्यानं तोंडाशी भर घालत होतं. रहिवासी होता, एवढं यावरून पक्कं म्हणता येतं. पण तो किडाच होता, हे यावरून ठरत नाही. जेलीफिशच्या संघातले काही प्राणीही आयुष्याचा एक टप्पा नळीत काढतात आणि तेही नळी तोंडाशीच वाढवतात.

मग आणखी खुणा शोधल्या गेल्या. चीनच्या शान्शी प्रांतातल्या क्लाउडिनांच्या भिंतींना बारीक गोल भोकं आहेत, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. स्टेफान बेंग्टसन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यानं 1992 मध्ये ती दाखवली. भोकाचा आकार आणि नळीचा व्यास यांचं काहीएक नातं होतं, म्हणजे भोक पाडणारा सावज मापानुसार निवडत असावा. पुढे असंही दिसलं की त्याच थरात शेजारी पडलेल्या सायनोट्युब्युलाइट्स नावाच्या नळ्यांना भोकं नाहीत. भोकं नुसत्या झिजेनं किंवा आम्लानं पडली असती तर शेजारीण कशी सुटली असती? माझ्या मते रहिवासी असल्याचा हा फार चांगला पुरावा आहे. रिकाम्या घराला निवडून निवडून भोक पाडायला शिकारी का जाईल? तरी इथेही रहिवासी कोण, ते गुलदस्त्यातच.

ते कोडं सोडवायचा मोठा प्रयत्न 2020 मध्ये झाला. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या वुड कॅन्यन नावाच्या खडकसमूहातून क्लाउडिनाच्या घराण्यातल्या नळ्या मिळाल्या. त्या पायराइटच्या झाल्या होत्या, म्हणजे लोह आणि गंधक मिळून बनणाऱ्या त्या सोनेरी दिसणाऱ्या खनिजाच्या. जेम्स शिफबाउर आणि सहकाऱ्यांनी त्या फोडल्या नाहीत. क्ष-किरणांच्या सूक्ष्म सीटी स्कॅननं आत डोकावले. काही नळ्यांच्या मध्यातून आणखी एक बारीक, सरळ नळी जाताना दिसली. त्यांनी तिला आतडं म्हटलं, एका टोकाला तोंड आणि दुसऱ्या टोकाला गुदद्वार असलेलं. तसं असेल तर जेलीफिशचा संघ बाद होतो, कारण त्या प्राण्यांत अन्न आत जायला आणि उरलेलं बाहेर यायला एकच दार असतं. किड्याचं पारडं यानं जड झालं. मी स्वतः किड्याच्या बाजूचा आहे. पण कुणी जेलीफिशची बाजू घेऊन भांडू लागला तर त्याला वेड्यात काढणार नाही.

घर कुठं होतं, यावरही भांडण आहे. नामिबियात क्लाउडिनांनी एकमेकींना चिकटून समुद्रतळावर खडकासारखे उंचवटे, म्हणजे पोवळ्यांच्या आधीचे रीफ, उभारले होते असं 2014 मध्ये जाहीर झालं. चार वर्षांनी दुसऱ्या गटानं तसल्या खडकाचा तुकडा यंत्रावर थर-थर घासत नेला, प्रत्येक थराचा फोटो काढला आणि संगणकात त्या नळ्या पुन्हा उभ्या केल्या. त्यांना दिसलं ते असं की त्यांच्या नमुन्यातल्या नळ्या मेल्यावर पाण्यानं ओढत आणून टाकलेल्या होत्या. वाढल्या होत्या तिथे त्या नव्हत्याच. एका सपाट कापात उभी वाटणारी नळी तिन्ही मितींत पाहिली की आडवी पडलेली निघते. जीवाश्माच्या फोटोवरून मत मागणाऱ्यांना मी फोटो चारी बाजूंनी का मागतो, ते यावरून कळेल.

नळीच्या आकारावर विसंबलं की काय होतं, याचं आपल्या देशातलं उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. मध्य भारतातल्या विंध्य खडकांतून, चित्रकूटच्या बाजूला, कँब्रियनसारखे जीवाश्म मिळाल्याचं गेल्या शतकाच्या शेवटी जाहीर झालं. त्यात वलयं असलेल्या बारीक नळ्या होत्या आणि प्राण्यांच्या भ्रूणांसारखे दिसणारे गोळे होते. पण त्याच खडकांचं किरणोत्सारी पद्धतीनं काढलेलं वय 160 कोटी वर्षांच्या घरात जात होतं. वाद इतका पेटला की काहींना जीवाश्मच बनावट वाटले. शेवटी बेंग्टसन स्वतः भारतीय सहकाऱ्यांबरोबर तिथे गेले, नवे नमुने घेतले आणि 2009 मध्ये निकाल आला. जीवाश्म खरे, वयही खरं. पण भ्रूण म्हणून मिरवणारे गोळे म्हणजे शेवाळी थरात अडकलेले वायूचे बुडबुडे, आणि वलयांच्या नळ्या बहुधा तंतुमय शैवालाच्या. किड्यांच्या जन्माआधी शंभर कोटी वर्षं नळी होती, किडा नव्हता. पाटणच्या पोरांनी बुडबुड्याला किडा म्हटलं म्हणून त्यांना हसू नका. त्यांच्याहून मोठी माणसं तिथे अडखळली आहेत.

उलटंही घडतं. चीनच्या युन्नानमधली गंगतौकुनिया ही फॉस्फेटची वलयांकित नळी, सुमारे 51.4 कोटी वर्षांपूर्वीची. नळी बघून कुणीही हा वलयांकित किडाच म्हणावा. मग 2022 मध्ये अशा काही नळ्या प्रसिद्ध झाल्या ज्यांत प्राण्याचा मऊ भाग शिल्लक होता. तोंडाभोवती गुळगुळीत, फांद्या नसलेल्या संस्पर्शकांचं कडं, आत कप्पे पडलेली जठरपोकळी. किडा नव्हे, जेलीफिशचा नातेवाईक. सांगायचा मुद्दा हा की नळी कुणीतरी बांधली हे भिंतीवरून कळतं, कोणी बांधली हे मात्र आतला देह दिसल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही.

सुदैवानं कँब्रियनमध्ये देह दिसणारी ठिकाणं आहेत. चिखलाच्या लोटाखाली प्राणी झटकन गाडला गेला, प्राणवायू पोचला नाही आणि कुजणं रखडलं, तर दगडावर त्याची काळसर, चंदेरी छाप उरते. कॅनडातला बर्जेस शेल हा त्यांतला सगळ्यात नावाजलेला, सुमारे 51 कोटी वर्षांपूर्वीचा, चार्ल्स वॉलकॉटनं 1909 मध्ये शोधलेला. तिथला सेल्कर्किया घ्या. निमुळती, दोन्ही टोकांना उघडी, बारीक आडव्या रेघांची नळी, आणि रुंद टोकातून बाहेर आलेली काटेरी सोंड. सोंडेवरून तो प्रायाप्युलिड नावाच्या किड्यांच्या गोतावळ्यातला ठरतो. नळी त्याची स्वतःची, अंगातून स्रवलेली, न खनिजलेली. बर्जेस शेलमध्ये सेल्कर्कियाच्या रिकाम्या नळ्याही भरपूर मिळतात, आणि काहींवर दुसऱ्या प्राण्यांनी बस्तान बसवलेलं असतं. धनी गेल्यावरही घर समुद्रतळावर टिकून होतं, इतकी ती भिंत चिवट. मोरोक्कोतल्या ऑर्डोव्हिशियन काळातल्या खडकांतूनही याचा एक भाईबंद 2024 मध्ये जाहीर झाला, म्हणजे कँब्रियन संपल्यावरही हा बेत मोडला नव्हता.

मला स्वतःला सगळ्यात आवडती गोष्ट ओइसियाची आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. बर्जेस शेलमधून वॉलकॉटनं दोन वेगवेगळे जीव वर्णन केले. 1911 मध्ये ओइसिया, एक मऊ किडा. आणि नंतर मार्गारेटिया, फांद्या फुटलेली, अंगभर भोकं असलेली एक नळकांडी वस्तू, जी हिरवं शैवाल म्हणून गणली गेली. संग्रहालयांत दोघं वेगळ्या खणांत पडून राहिली. मग कूटेनी राष्ट्रीय उद्यानातल्या मार्बल कॅन्यन या नव्या जागेतून असे नमुने निघाले की त्यांत किडा शैवालाच्या आत होता. एखाददुसरा नव्हे, पुन्हा पुन्हा, आणि नळीत मावेल अशा बेतानं. 2016 मध्ये जाहीर झालं की मार्गारेटिया हे शैवाल नसून ओइसियाचं घर आहे, आणि भिंतीतली मळसूत्रासारखी चढत जाणारी भोकं पाणी खेळतं ठेवण्यासाठी असावीत. इतकी वर्षं वनस्पती म्हणून ओळखलेली गोष्ट एका प्राण्यानं बांधलेली इमारत निघाली.

ओइसिया वलयांकित किडा नाही. तो अर्धसमपृष्ठरज्जू प्राण्यांतला, म्हणजे दहावीच्या विज्ञानात बॅलॅनोग्लॉसस आहे त्याच्या नात्यातला. तुमच्या पोरांना हे नाव पाठ असणार. त्याच्या तीन वर्षं आधी, 2013 मध्ये, बर्जेसमधल्याच स्पार्टोब्रँकस या ॲकॉर्न वर्मचं, म्हणजे बॅलॅनोग्लॉससच्याच गटातल्या किड्याचं, वर्णन आलं, आणि त्याचेही काही नमुने तंतुमय, वेटोळ्या नळ्यांच्या आत होते. आजचे बॅलॅनोग्लॉसस वाळूत नुसतं बीळ करतात, नळी बांधत नाहीत. पण त्यांचे चुलतभाऊ टेरोब्रँक आजही नळ्या बांधून वसाहतीनं राहतात. जुन्या सागरी खडकांत मिळणारे ग्रॅप्टोलाइट नावाचे वसाहती जीवाश्म त्यांच्याच कुळातले. त्यामुळे नळी बांधायची सवय या घराण्यात फार जुनी, आणि एका शाखेनं ती पुढे सोडून दिली, असं चित्र उभं राहतं. जिवंत प्राण्यांकडे बघून हे कधीच कळलं नसतं.

वलयांकित किड्यांचं काय? तिथेही एक जुनी अडचण होती. कँब्रियनमधले ओळखीचे बहुतेक वलयांकित किडे केस-पाय हलवत सरपटणारे, नळीत न राहणारे. उलट जनुकांवरून काढलेली वंशावळ सांगत होती की या संघातल्या आज जिवंत असलेल्या शाखांपैकी सगळ्यात आधी फुटलेल्या शाखेत नळीत किंवा गाळात राहणारे मॅगेलोना आणि ओवेनिया यांची घराणी येतात. दगड एक सांगतो आणि जनुकं दुसरं. 2020 मध्ये युन्नानमधून डॅनिकीटा जाहीर झाला, 51.4 कोटी वर्षांपूर्वीचा. चपटं डोकं, दोन लांब मिशा, अंगावर केसांच्या जुड्या, आणि देह नळीच्या आत. लक्षणं मॅगेलोना-ओवेनियाकडे झुकणारी. जनुकांच्या वंशावळीला दगडाची साक्ष मिळाली. एकाच जीवाश्मावर इतकं ओझं टाकणं मला एरवी पटत नाही, पण इथे देह आणि घर दोन्ही एका दगडात आहेत, तेव्हा मान्य करावंच लागतं.

देह नसेल तर भिंतीकडे वळावं लागतं, आणि भिंत वाचायची म्हणजे खडकाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. एक उदाहरण पुरे. शिंपल्यांवर चिकटलेल्या, शेंगदाण्याहून लहान, गोल वेटोळ्याच्या नळ्या जुन्या खडकांतही भरपूर मिळतात. शंभरावर वर्षं त्यांना आजच्या स्पायरॉर्बिस या सर्पुलिड किड्याचं नाव लावलं जात होतं. दिसतातच तशा. पॉल टेलर आणि ओलेव विन यांनी भिंती तपासल्या तेव्हा फरक उघडा पडला. जुन्यांची सुरुवात बंद, फुगीर कुपीतून होते आणि भिंत पातळ पापुद्र्यांची, बऱ्याचदा बारीक छिद्रांची. सर्पुलिडची नळी सुरुवातीलाच उघडी असते. ऑर्डोव्हिशियनच्या शेवटापासून मध्य जुरासिकपर्यंतचे हे रहिवासी मायक्रोकाँकिड, निराळ्याच गोताचे. याचा व्यावहारिक परिणामही झाला. सर्पुलिड समुद्रातले, म्हणून ज्या थरात ही वेटोळी सापडली तो थर खाऱ्या पाण्यातला असं धरलं जात होतं. मायक्रोकाँकिड मात्र गोड्या पाण्यातही राहत. कोळशाच्या थरांजवळच्या कितीतरी गाळांचं पाणी पुन्हा तपासावं लागलं.

कण चिकटवून बांधलेल्या नळ्यांत मात्र काम जरा सोपं. सुरुवातीच्या कँब्रियनमधली ओनुफिओनेला बघा: बारीक नळी आणि तिच्यावर अभ्रकाचे चपटे पापुद्रे एकावर एक चढवत लावलेले. भोवतीच्या गाळात सगळ्या प्रकारचे कण असताना फक्त चपटे अभ्रक उचलून ते एका दिशेनं बसवणं पाण्याच्या प्रवाहाला जमत नाही. निवड दिसली की निवडणारा आला.

बिळांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मालकाचं नाव मिळायची आशा कमीच. वाळूच्या खडकात शेजारी-शेजारी उभी सरळ बिळं असली की त्यांना स्कॉलिथॉस म्हणतात. स्कॉटलंडच्या वायव्येला कँब्रियन खडकांत ती इतकी दाट आहेत की तिथल्या खडकाला लोक पाइप-रॉक म्हणतात. ही बिळं उभी आहेत, वस्ती दाट आहे आणि तरी ती शक्यतो एकमेकांना छेदत नाहीत. त्यावरून ती कायम राहण्याची आणि वरचं पाणी गाळून खाण्याची जागा होती असा अंदाज बांधतात. सरपटत चरणाऱ्या प्राण्याची वाट आडवी असते आणि भटकत जाते. कँब्रियनची सुरुवातही बिळावरूनच ठरवली आहे: न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्यून हेड इथल्या कड्यात ट्रेप्टिक्नस पेडम ही फाटे फुटत जाणारी बिळं जिथून सुरू होतात, तिथे 1992 मध्ये ही सीमा मान्य झाली. ती करणारा बहुधा प्रायाप्युलिडसारखा किडा असावा.

हे सगळं परदेशातलं झालं, भारतात काय, असं पोरं विचारतीलच. राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या दुलमेरा भागात नागौर वालुकाश्म उघडा आहे. त्यात ट्रेप्टिक्नस पेडम आणि ट्रायलोबाइट या नामशेष झालेल्या, सांधेदार पायांच्या सागरी प्राण्याच्या चालण्या-उकरण्याच्या खुणा नोंदल्या गेल्या आहेत. बांधलेल्या नळ्या पाहायच्या तर मसुरी-डेहराडूनच्या बाजूच्या ताल समूहाच्या फॉस्फेटयुक्त खडकांकडे जावं लागतं. तिथल्या मालदेवता खाणीच्या परिसरातून 1980 च्या दशकात अनाबरायटीस या नळ्या वर्णन झाल्या. मिलिमीटरच्या मापाच्या, आणि आडवा छेद घेतला की तीन पाकळ्यांचा. खडक सौम्य आम्लात विरघळवून उरलेला चुरा चाळायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक उचलायच्या. हाताशी चांगला माणूस असेल तर एका पिशवीभर खडकाला आठवडे जातात. त्या तीन पाकळ्यांमुळेच बरेच जण अनाबरायटीसचा रहिवासी किडा न मानता जेलीफिशच्या बाजूला टाकतात, कारण किड्याच्या देहाला डावी आणि उजवी अशा दोनच बाजू असतात.